आधी तिचे पाय बघ

अगं, रात्री अंथरुणात पडून ते गोल्फमध्ये लांबच लांब फटके मारणाऱ्या पुरुषांचे व्हिडिओ बघत असतेस ना, ते आधी बंद कर. त्यांची उंची, त्यांचे खांदे तू कुठनं आणणार? तसं मारायला गेलीस तर कंबर धरून बसशील. बघायचंच तर आपल्या बेंगळुरूच्या अदिती अशोकला बघ. 2021 मध्ये टोकियो ऑलिंपिकला तिचा ड्राइव्ह बरोबरीच्या बहुतेक जणींपेक्षा आखूड पडत होता. त्यातून कोविड होऊन अंगातली ताकद गेलेली. तरी पोरगी चौथी आली, पदक एका फटक्यानं हुकलं! कॅडी म्हणून बरोबर तिची आई होती. शेवटच्या दिवशी माझ्या घशाखाली घास उतरत नव्हता बघ.

पण बघायचं कसं? तुझी नजर सारखी क्लबच्या टोकावर. व्हिडिओ अगदी संथ कर आणि एका वेळी एकच जागा बघ. आज फक्त पाय आणि कंबर. क्लब पुरता वर पोचायच्या आतच वजन डाव्या पायाकडे सरकायला लागतं. खाली येताना आधी कंबर वळते, मग खांदे, मग हात, क्लब सगळ्यात शेवटी. तुझे हात आधी धावतात, म्हणून चेंडू उजवीकडे वळतो.

खडेबाजारात आपल्या दुकानाचं शटर ओढलं, की साड्या लावून बघायच्या मोठ्या आरशासमोर उभी राहा. कापड मोजायची लोखंडी मीटरपट्टी खांद्यांवर आडवी धर आणि चेंडू मारताना वाकतेस तशी वाक. आरशात कपाळ दिसतं तिथं काचेवर एक टिकली चिकटव. आता उजवीकडे वळ, सावकाश. खांदे जवळजवळ काटकोनात फिरले पाहिजेत, कंबर त्याच्या निम्मी, आणि कपाळ टिकली सोडून फार हलता कामा नये. हे जमेपर्यंत क्लबला हात लावायची घाई नको.

मग लय. क्लब वर न्यायला तीन मात्रा, खाली चेंडूपर्यंत यायला एक. नावाजलेल्या खेळाडूंचं माप साधारण असंच भरतं. तू वर नेतानाच इतकी घाई करतेस, की खाली येताना तोल सावरायला वेळच उरत नाही.

स्वतःचा व्हिडिओ काढशील तेव्हा मोबाइल हातांच्या उंचीला ठेव, एकदा समोरनं, एकदा मागनं चेंडूच्या रेषेत. तिरका ठेवलास तर बरोबर स्विंगसुद्धा वाकडा दिसतो. आणि तो तुझ्या सरांना दाखव, मला नुसता पाठवून उपयोग नाही.

अदितीचं पटिंगही बघ गं. टोकियोत तिला तारलं ते त्यानंच, आणि त्याला दांडगी ताकद लागत नाही. बाबांना मी सांगते, रात्री आरशासमोरची गादी गुंडाळून ठेवतील.