दोन सेंटीमांची बचत : फ्रांस्वा लोराँ यांचे जीवनकार्य

बेल्जियममधील गेंट या शहरात १८६६ साली एक साधा उपक्रम सुरू झाला. शाळेतील मुलाने घरून मिळालेला एक-दोन सेंटीमांचा पैसा खाऊवर न उधळता शिक्षकांजवळ द्यावयाचा. शिक्षकांनी तो मुलाच्या नावापुढे वहीत लिहून ठेवावयाचा. आणि शंभर सेंटीम, म्हणजे एक फ्रँक पुरा झाला की ती रक्कम सरकारच्या बचत बँकेत भरून मुलाच्या हाती त्याच्या स्वतःच्या नावाचे पुस्तक द्यावयाचे. ही बँक आदल्याच वर्षी कायद्याने स्थापन झाली होती. पण एक फ्रँकहून लहान ठेव घेण्याची तिची तयारी नव्हती. गिरणीकामगाराच्या मुलाजवळ एकदम एक फ्रँक कोठून येणार? बँकेचा दरवाजा आणि ते मूल यांच्यामध्ये जे अंतर होते, ते शिक्षकांच्या वहीने भरून काढले.

हा विचार ज्यांनी मांडला आणि चालविला, ते बँकेच्या व्यवहारातले गृहस्थ नव्हते. फ्रांस्वा लोराँ हे गेंट विद्यापीठात दिवाणी कायद्याचे प्राध्यापक, गेंट नगरपरिषदेतील उदारमतवादी पक्षाचे सदस्य आणि मानवजातीच्या इतिहासावर अठरा खंड लिहिणारे इतिहासकार होते. आपल्याकडे त्यांचे नाव फारसे कोणी घेत नाही. परंतु वंचितांच्या मुलांसाठी शाळा चालविणाऱ्या, अशा शाळेत शिकलेल्या आणि आपली मुले तेथे पाठविणाऱ्या मंडळींनी या माणसाची ओळख करून घ्यावी, असे मला वाटते.

लोराँ यांचा जन्म ८ जुलै १८१० रोजी लक्झेंबर्ग शहरात झाला. कायद्याचे शिक्षण संपवून त्यांनी काही काळ ब्रुसेल्स येथे न्याय मंत्रालयात अधिकाराच्या जागेवर काम केले आणि १८३६ साली, वयाच्या अवघ्या सव्विसाव्या वर्षी, ते गेंट येथे प्राध्यापक झाले. पुढे मृत्यूपर्यंत, म्हणजे अर्धशतक, त्यांनी ती जागा सोडली नाही. ती सोडावी म्हणून प्रयत्न मात्र पुष्कळ झाले.

त्याचे कारण त्यांचा इतिहासग्रंथ. राष्ट्राराष्ट्रांतील संबंधांचा इतिहास लिहावा म्हणून आरंभलेले हे काम वाढत वाढत अखिल मानवजातीच्या इतिहासाचे झाले. पूर्वेकडील प्राचीन राष्ट्रांपासून त्यांनी प्रारंभ केला आणि १८७० पर्यंत अठरा खंड पुरे केले. राजे आणि लढाया यांच्यापेक्षा माणूस हळूहळू एकमेकांना माणूस म्हणून कसा ओळखू लागला, हा त्यांचा शोध होता. या वाटेवर धर्मसंस्थेची सत्ता कोठे आडवी आली, हे त्यांनी न कचरता लिहिले. बेल्जियमसारख्या कॅथलिक देशात हे सहन होण्यासारखे नव्हते. १८५६ साली गेंटच्या बिशपांनी पत्रक काढून तेथील विद्यापीठात दिल्या जाणाऱ्या शिक्षणाविरुद्ध श्रद्धावंतांना सावध केले. लोराँ यांची जागा तरीही राहिली आणि लेखणीही थांबली नाही; धर्मसंस्था आणि राज्यसंस्था यांच्या संबंधावर त्यांनी आणखी तीन खंड लिहिले. इतक्या विस्ताराने लिहिणाऱ्या माणसाचे सर्वच आज वाचवते असे नाही. त्यांच्या इतिहासात वादविवादाचा आवेश अनेकदा पुराव्याच्या पुढे धावतो. पण ज्या निष्कर्षापर्यंत ते आले, तो महत्त्वाचा आहे : माणसाची मुक्ती वरून कोणी द्यावयाची नसून ती त्याच्या शिक्षणातून यावयाची आहे.

आता त्यांच्या भोवतीचे शहर पाहा. गेंट हे कापसाच्या गिरण्यांचे गाव. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडमधून चोरून आणलेल्या सूतकताई यंत्रावर तेथील गिरणधंदा उभा राहिला होता. गिरणीत कामाला लागणाऱ्या मुलाच्या वयाला कायद्याची मर्यादा नव्हती; बारा वर्षांखालील मुलांना कारखान्यात बंदी करणारा कायदा बेल्जियममध्ये १८८९ साली आला आणि सक्तीचे शिक्षण तर १९१४ साली. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापूस येईनासा झाला. त्याच वर्षांत आपल्या मुंबईत कापसाच्या भावाने सोन्याचा पाऊस पडत होता. गेंटमध्ये मात्र गिरण्या थंडावल्या आणि कामगारांच्या चुली विझल्या. लोराँ यांचा बचतीचा उपक्रम या दुष्काळाच्या पाठोपाठ आला, हे ध्यानात ठेवले पाहिजे. उद्याची तरतूद नसणे म्हणजे काय, हे त्या गावाने नुकतेच भोगले होते.

नगरपरिषदेत त्यांचे एक समविचारी सहकारी होते, गुस्ताव्ह कालिए. शहराच्या शाळांचा कारभार त्यांच्याकडे असे. १८६३ साली ते वारले, तेव्हा त्यांच्या अंत्ययात्रेच्या वेळी धर्मगुरूंच्या असहिष्णुतेचे उघड प्रदर्शन झाले. लोराँ यांनी मित्राच्या नावाने संस्था काढली आणि कष्टकरी वर्गात बचतीचा प्रसार करण्याचे त्याचे अपुरे काम पुढे चालविले. रागाला असे वळण देणे सर्वांना साधत नाही.

बचतीचा प्रसार मोठ्या माणसांत का करू नये? त्यांचे उत्तर असे की, सवय जडलेल्या माणसाला उपदेश करणे व्यर्थ. मुलाला सवय लावली तर मूलच घरी जाऊन आईबापांना शिकविते. त्यासाठी त्यांनी नुसते परिपत्रक काढले नाही. ते स्वतः शाळाशाळांतून हिंडले, शिक्षकांशी बोलले, वर्गात उभे राहून मुलांना समजावून सांगितले. साठीकडे झुकलेला नामांकित कायदेपंडित बालवर्गापुढे दोन सेंटीमांची गोष्ट सांगत आहे, हे चित्र मला त्यांच्या अठरा खंडांहून मोठे वाटते. थोड्याच वर्षांत शहरातील शाळांतील बहुसंख्य मुलांकडे बँकेचे पुस्तक आले. पुढे ही पद्धत फ्रान्समध्ये आणि इतर देशांत पसरली. १८८५ साली एका बेल्जियन माणसानेच ती न्यूयॉर्कजवळच्या शाळांत नेली. आपल्या शाळांतून 'संचयिका' या नावाने जी बचत चाले, ती याच जातीची.

या कामाबद्दल १८७२ साली त्यांना दहा हजार फ्रँकांचे गिनार पारितोषिक मिळाले. श्रमिकांची स्थिती सुधारणाऱ्या कार्यासाठी एका डॉक्टरांनी मृत्युपत्राने ठेवलेली ती रक्कम होती. लोराँ यांनी ती घरी न नेता कामगारांच्या मंडळांकडे वळविली. सायंकाळी वाचन, गायन आणि अभ्यास यांसाठी तरुण कामगार व कामकरी मुली तेथे एकत्र येत.

एक आक्षेप येथे नोंदविला पाहिजे. अर्धपोटी माणसाला बचत करा म्हणून सांगणे ही क्रूर थट्टा नव्हे काय? मजुरी किती मिळते, नफा कोठे जातो, हे प्रश्न बाजूला ठेवून काटकसरीचे गुण गाणे मालकांना सोयीचेच होते. गेंटच्या कामगारांना हे कळत होते. १८८० च्या सुमारास त्यांनी 'फोरउट', म्हणजे 'पुढे', नावाची सहकारी संस्था उभारली, स्वतःची भट्टी घालून स्वस्त पाव भाजला आणि त्यातून समाजवादी चळवळीचे बळ उभे केले. माझ्या मते या वादात कामगारांची बाजू अधिक खरी होती. लोराँ यांची दृष्टी व्यक्तीच्या चारित्र्यावर खिळली होती. वर्गाच्या अन्यायापर्यंत ती पुरती पोचली नाही. तथापि ज्या मुलाच्या नावाने जगात काहीही नव्हते, त्याच्या नावाचे एक पुस्तक निघाले, त्यावर त्याचेच नाव लिहिले गेले, याची किंमत रकमेत मोजता येत नाही.

इतिहासाचे खंड संपता संपताच, वयाच्या साठीच्या उंबरठ्यावर, त्यांनी दिवाणी कायद्याच्या तत्त्वांवर लिहावयास घेतले आणि १८६९ ते १८७८ या काळात तेहतीस खंड पुरे केले. १८७९ साली न्यायमंत्र्यांनी देशाच्या दिवाणी संहितेच्या पुनर्रचनेचा मसुदा करण्याचे काम त्यांच्यावर सोपविले. ही संहिता नेपोलियनच्या काळातली. तिच्यात पत्नीने पतीची आज्ञा पाळावी असे कलमच होते. त्याच्या संमतीवाचून तिला करार करता येत नसे की न्यायालयात उभे राहता येत नसे. म्हणजे शाळेत असताना जिच्या नावाने पुस्तक निघाले, तीच मुलगी लग्न होताच स्वतःच्या पैशाची मालकीण राहत नव्हती. लोराँ यांनी आपल्या मसुद्यात पतीची ही सत्ताच काढून टाकली.

१८८४ च्या निवडणुकीत उदारमतवादी पक्ष हरला, कॅथलिक पक्ष सत्तेवर आला आणि मसुदा बाजूला पडला. ११ फेब्रुवारी १८८७ रोजी लोराँ गेंट येथे वारले. शहरात त्यांच्या नावाचा चौक आहे आणि तेथे त्यांचा पुतळा उभा आहे. बेल्जियममध्ये विवाहित स्त्रीच्या बचतीला मान्यता देणारा कायदा १९०० साली झाला. पतीच्या संमतीवाचून व्यवहार करण्याची पूर्ण कायदेशीर क्षमता तिला १९५८ साली मिळाली.