प्रवाळांची लागवड

बीड जिल्ह्याला समुद्र नाही. परंतु उसाची लागण तेथील शेतकऱ्याच्या मुलास चांगली ठाऊक असते. एका कांडीपासून उसाचे नवे बेट उभे राहते. समुद्राच्या तळाशीही अशीच लागवड करता येते, ती प्रवाळांची.

प्रवाळ दगडासारखे दिसते, तरी ते असंख्य चिमुकल्या प्राण्यांचे घर होय. अंगठीत बसवतात ते पोवळेही याच कुळातील. हे प्राणी आपल्या देहाखाली चुन्याचा सांगाडा रचतात आणि थरावर थर चढून प्रवाळभिंत उभी राहते. कित्येक प्रवाळे वर्षाला जेमतेम एक सेंटिमीटर वाढतात. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास प्रवाळे आहेत. मालवणचा हा सागरी प्रदेश १९८७ साली अभयारण्य ठरला. होडीचा एक नांगर अशा प्रवाळावर पडला, तर कित्येक वर्षांची वाढ क्षणात मोडते. मग मोठे जहाजच आदळले तर?

१९८४ साली अमेरिकेत फ्लोरिडाच्या किनाऱ्याजवळ ‘वेलवुड’ हे मालवाहू जहाज प्रवाळभिंतीवर चढून रुतले. प्रवाळे चिरडली गेलीच; शिवाय खालचा चुनखडकही फुटला. पुढील वादळांनी सुटे तुकडे उधळले, खळगे वाढवले. हलत्या ढिगाऱ्यावर नव्या प्रवाळांना ठाव मिळेना. अखेर २००२ साली पाणबुड्यांनी ते खळगे चुनखडीचे दगड व काँक्रीट यांनी भरून काढले आणि त्यांवर प्रवाळांचे जिवंत तुकडे घट्ट बसवले.

घट्ट बसवणे यातच सारे आले. लाटांनी लोळणारा तुकडा मरून जातो. म्हणून लागवडीनंतरही पाणबुडे पुनःपुन्हा तळाशी उतरतात आणि कोणता तुकडा धरला, कोणता सुटला, हे पाहतात. शेतकरी नांग्या भरतो, तसे सुटलेल्या जागी नवे तुकडे लावावे लागतात.