बाळ बघायला जाताना बीपीचं मशीन सोबत घ्या

उपकेंद्रात सिस्टर म्हणून काम करताना आशाताईंबरोबर मी वर्षानुवर्षं घरोघरी फिरले. बाळ-बाळंतिणीच्या भेटी हाच त्यातला मोठा भाग. हृदयाचा आजार म्हटलं की आपल्याला साठीचा पुरुष आठवतो. मला मात्र बाजेवरची वीस-बावीस वर्षांची पोर आठवते. नव्याने रुजू होणाऱ्या मुलींसाठी हे लिहिते आहे.

१. आईचा दंडही हातात घ्या.
दवाखान्यात बाळंतपण झालं की घरभेटीचे दिवस ठरलेले: ३, ७, १४, २१, २८ आणि ४२. देशभर हे २०११ पासून सुरू झालं, पण त्याची मुळं आपल्या गडचिरोलीत आहेत. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्याच बायकांना शिकवलं आणि नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून जास्त कमी करून दाखवले. १९९९ साली ते ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. बाळासाठी आखलेली भेट असल्यामुळे आशाताईच्या पिशवीत वजनकाटा, थर्मामीटर, घड्याळ, ब्लँकेट असं सगळं बाळाचंच असतं. पण बाळंतपणानंतर आईचं बीपी सर्वांत जास्त चढतं ते साधारण तिसऱ्या ते सहाव्या दिवसात. तोवर ती दवाखान्यातून घरी आलेली असते, घरात पाचवीची गडबड असते, आणि डोकं दुखतंय म्हटलं तर ‘जागरण झालंय’ म्हणून बाम चोळतात. सुटीच्या कागदावरच्या आकड्यावर विसंबू नका. वरचं १४० किंवा खालचं ९० दिसलं तर डॉक्टरांना कळवा. १६० किंवा ११० दिसलं, नजर अंधुक झाली, पोटात वरच्या बाजूला दुखायला लागलं, तर उद्यावर ढकलू नका, १०८ ला फोन करा.

२. ‘रात्री आडवं पडता येतं का?’ हा प्रश्न प्रत्येक बाळंतिणीला विचारा.
‘बरं वाटतंय का?’ असं विचारलं तर सगळ्याच ‘हो’ म्हणतात. एका घरी मी हा प्रश्न विचारला, तेव्हा उत्तर तिच्या आईने दिलं: ‘बाळ झोपू देत नाही हो, भिंतीला टेकूनच बसते बिचारी.’ बाळ तर शांत झोपलेलं होतं. मी मुलीला उताणं झोपायला सांगितलं. दोन मिनिटांत ती धापा टाकत उठून बसली. पावलांवर बोट दाबलं तर खड्डा पडत होता. घरच्यांच्या मते हा बाळंतपणाचा अशक्तपणा होता, खारीक-खोबरं, डिंकाचे लाडू चालू होते. जिल्ह्याच्या ठिकाणी इको काढला तेव्हा कळलं की हृदयाचा पंपच कमजोर झाला आहे. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यापासून बाळ पाच महिन्यांचं होईपर्यंत, आधी ठणठणीत असलेल्या बाईलाही हे होऊ शकतं. वेळेवर औषध मिळालं तर पुष्कळजणी सावरतात, तीही सावरली. दवाखान्यातल्या रांगेत ती बसलेलीच दिसली असती, झोपते कशी हे घरातच कळलं.

३. बाळाचं एक दूध पिणं पूर्ण बघा.
वजन करून निघू नका. हजारातल्या आठ-नऊ बाळांच्या हृदयात जन्मतः दोष असतो, आणि बऱ्याचदा पहिल्या तपासणीत काहीच सापडत नाही. नंतर दूध ओढताना बाळ थकतं, मध्येच सोडून देतं, कपाळाला दरदरून घाम येतो, वजन वाढत नाही. बाळ शांत असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजा, ६० किंवा त्याहून जास्त भरले तर पुन्हा मोजा. हातपाय थोडे निळसर दिसणं थंडीनेही होतं. जीभ आणि ओठ निळे दिसले तर थांबू नका. अशा मुलांसाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे, २०१३ मध्ये तो आपल्या पालघरमधूनच सुरू झाला. शस्त्रक्रियेचा खर्च शासन करतं हे घरात मोठ्याने, सगळ्यांसमोर सांगा, कारण पैशाच्या भीतीने लोक तपासणीच टाळतात.

४. पहिलटकरीण माहेरी जाते, तिची नोंद सासरी राहते. दोन्हीकडच्या आशाताईंनी एकमेकींचे फोन नंबर ठेवावेत.

५. मशेरीबद्दल सुनेला एकटीला बोलू नका.
ती सवय बहुधा घरातल्या थोरल्या बाईकडून आलेली असते. ‘मशेरी लावल्याशिवाय पोट साफ होत नाही’ हे मी असंख्य वेळा ऐकलं. जाळलेली असली तरी ती तंबाखूच आहे: बाळाचं वजन घटवते, आईच्या रक्तवाहिन्यांना इजा करते. सासूबाईंना सोबत घेतलं तर दोघींची सुटण्याची आशा असते.

६. ताटात काय आहे ते बघा.
पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या आया आणि मुलांचा अभ्यास केला. ज्या आया पालेभाजी, फळं, दूध जास्त खात होत्या, त्यांची बाळं जास्त वजनाची जन्मली. आपली बाळं दिसायला बारीक, पण अंगात चरबीचं प्रमाण जास्त, आणि पुढे मधुमेह-हृदयविकाराची वाट तिथूनच सुरू होते. म्हणून मी घरी गेले की चुलीजवळ बसते. परसात शेवगा असतो आणि गरोदर बाईच्या ताटात त्याचा पाला नसतो, हे बघून जीव तुटतो. बाळाच्या तिसऱ्या महिन्यापासून पंधराव्या महिन्यापर्यंत दर तीन महिन्यांनी भेट असते, तेव्हा वर्षाच्या आत मीठ-साखर घालू नका हे सांगाच, आणि पाच रुपयांच्या खारट पुड्यांबद्दल आजोबांशीही बोला. आणून देणारे बहुधा तेच असतात.

७. बेचाळिसाव्या दिवशी तिचं पान मिटू नका.
गरोदरपणात जिचं बीपी वाढून आजार बळावला होता, तिला पुढे हृदयविकाराचा धोका इतर बायकांच्या साधारण दुप्पट असतो. बाळंतपणानंतर आकडा खाली येतो आणि सगळे विसरतात, तीसुद्धा. वर्षातून एकदा तरी तिचं बीपी मोजलं गेलं पाहिजे. स्वतःसाठी ती उपकेंद्रात येणार नाही, पण बाळाच्या लसीला नक्की येते: नवव्या महिन्यात, दीड वर्षाचं झाल्यावर, मग पाचव्या वर्षी. मी लसीच्या टेबलाशेजारी बीपीचं मशीन ठेवायला सुरुवात केली आणि आकडा बाळाच्याच कार्डावर लिहू लागले, कारण ते कार्ड आई कधी हरवत नाही.