बॉट ग्रुपमध्ये सोडण्याआधी

चि. सोनूस,


ट्रेकिंगच्या टेलिग्राम ग्रुपसाठी बॉट लिहून झाला आणि रविवारी तो सुरू करणार, असं तू कळवलंस. एवढं स्वतः शिकून केलंस, फार बरं वाटलं. पण रविवारची घाई करू नकोस. बॉटची चाचणी आधी नीट होऊ दे, आणि ती ग्रुपमधल्या माणसांवर नको.

चाचणीसाठी टेलिग्रामच्या बॉटफादरकडून दुसरा बॉट काढ. त्याचं टोकन वेगळं असेल, त्यामुळे तुझ्या लॅपटॉपवरचे प्रयोग खऱ्या बॉटच्या आड येणार नाहीत. टोकन गिटहबवर चढवू नकोस. ज्याच्या हाती टोकन, त्याच्या हाती बॉट. चुकून बाहेर गेलंच, तर लगेच रद्द करून नवं घे.

ग्रुपही वेगळा कर. दोन-तीन मैत्रिणींना घे, पण त्यांना अ‍ॅडमिन करू नकोस. बॉटला अ‍ॅडमिनवर बंदी घालता येत नाही, म्हणून ते फक्त साध्या सदस्यावरच तपासता येईल. बॉटला हक्क मात्र खऱ्या ग्रुपमध्ये देणार आहेस तेवढेच दे. प्रायव्हसी मोडमध्ये त्याला मुख्यतः आज्ञा आणि त्याला दिलेली उत्तरंच दिसतात; अ‍ॅडमिन केलंस की ग्रुपमधलं सगळं दिसतं.

मग त्याला मुद्दाम छळ. कर्जाच्या जाहिराती उडवायला तू 'कर्ज' हा शब्द फिल्टरमध्ये घातला आहेस ना? 'उद्या सकाळच्या कर्जत लोकलने निघू' असा मेसेज टाकून बघ. फिल्टर नुसती अक्षरं जुळवत असेल तर तोही उडेल, आणि ज्यांनी तो वाचला नाही ते घरीच राहतील. एका ग्रुपमध्ये बॉटला मिनिटाला 20 पेक्षा जास्त मेसेज पाठवता येत नाहीत. तीस जण एकदम आले तर त्याचे स्वागताचे मेसेज कुठे अडतात ते पाहा. बॉट तासभर बंद ठेवून पुन्हा चालू कर. न पोचलेले मेसेज टेलिग्राम 24 तासांपर्यंत राखून ठेवतं, त्यामुळे शिळ्या आज्ञांना तो भराभर उत्तरं देत सुटतो का, हे कळेल.

लोक खोड्या काढणारच, हे धरून चाल. मार्च 2016 मध्ये मायक्रोसॉफ्टने ट्विटरवर 'टे' नावाचा बॉट आणला. लोकांनी त्याला द्वेषाची भाषा बोलायला लावली आणि दिवसभरातच तो बंद करावा लागला. एवढ्या मोठ्या कंपनीची ही गत, तर आपण जास्तच जपायला हवं.

खऱ्या ग्रुपमध्ये नेल्यावरही पहिला आठवडा त्याला काही उडवू देऊ नकोस. 'हा मेसेज उडवला असता' एवढी नोंद फक्त तुला येऊ दे. त्या नोंदी रोज वाच, चुका दुरुस्त कर, मगच मेसेज काढायचा हक्क दे. सदस्यांना बाहेर काढायचा हक्क सगळ्यात शेवटी. बॉट काय वाचतो आणि काय साठवतो, हे सगळ्यांना आधीच सांग. तू डोंगरात रेंजबाहेर असशील, तेव्हा बॉट काढून टाकणारा दुसरा अ‍ॅडमिनही तयार ठेव.

रविवार हुकला तर काही बिघडत नाही. लोकांनी विश्वासाने तुला अ‍ॅडमिन केलंय. त्यांचा एकही खरा निरोप तुझ्या बॉटमुळे हरवू देऊ नकोस.

तुझा,
मामा