भुरीच्या खात्यावर जमा

सारंगखेड्याच्या यात्रेत दत्तजयंतीला घोड्यांचे भाव लाखांत बोलले जातात. बैलाला बाजार आहे, शेळीला आहे, कोंबडीला तर आठवड्याला आहे. आमच्या नंदुरबार जिल्ह्यात मांजरीचा बाजार मात्र कुणी भरवल्याचं ऐकिवात नाही. ती शेजारच्या घरून पिशवीतून येते, किंवा आपली आपणच येऊन बसते. जिला किंमत नाही तिचा फायदा कोण मोजणार? मी किराणा दुकानदार आहे, मोजायची खोड जात नाही. आमच्या दुकानात मांजरींची ही तिसरी पिढी. सध्याच्या मांजरीचं नाव भुरी. गल्ल्यावर बसून तिच्या खात्यावर जे जमा-नावे मांडत गेलो, ते असं.

१. मांजर उंदीर मारते कमी, बसवते जास्त.

दुकानामागच्या खोलीत दादर ज्वारी, तूर, शेंगदाणे, तांदूळ यांची पोती थप्पीने लागलेली असतात. उंदीर पोतं खातो थोडं आणि नासतो फार. शिलाई कुरतडली की दाणे सांडतात, त्यात लेंड्या मिसळतात, आणि एका गिऱ्हाइकाने डाळीत लेंडी पाहिली की त्याची गल्लीच्या गल्ली दुसऱ्या दुकानात जाते. मांजर आली म्हणजे उंदरांची रोज कत्तल होईल, असं पुष्कळांना वाटतं. तसं होत नाही. घरातली छोटी उंदरं आणि पिल्लं ती पटापट उचलते. मोठ्या उंदराच्या वाटेला क्वचित जाते. घूस समोर आली तर दोघंही एकमेकांना पाहिलं न पाहिलं करतात. चिचुंद्री मारते, पण तोंड लावत नाही आणि ती नेमकी दारात आणून टाकते.

न्यूयॉर्कमधल्या एका कचरा प्रकल्पात संशोधकांनी कॅमेरे लावून मांजरी आणि उंदीर यांच्यावर पाळत ठेवली होती. २०१८ साली तो अभ्यास छापून आला. काही महिन्यांच्या चित्रीकरणात मांजरींनी मारलेले उंदीर निघाले फक्त दोन. पण ज्या दिवशी मांजरी फिरत होत्या, त्या दिवशी उंदीर बिळाबाहेर कमी पडले. माझ्या खोलीतही हेच चालतं. भुरी थप्पीवर झोपलेली असते, पोत्यांना गाल घासते, आपला वास लावून ठेवते. उंदीर अंगणापलीकडच्या गटारीत सुखाने नांदतात, मात्र आत पाय टाकत नाहीत. दुकानदाराला एवढंच हवं असतं.

अर्थात हे कधी? धान्य जमिनीपासून वर फळीवर, भिंतीपासून हातभर दूर, आणि सांडलेलं रोजच्या रोज झाडलेलं असेल तर. पसारा तसाच ठेवून मांजरीच्या भरवशावर झोपणाऱ्याला मांजरीचा काहीही उपयोग नाही.

२. उंदराचं औषध आणि मांजर एका छताखाली ठेवू नये.

औषध मी विकतो. शेतकऱ्याला बांधावर लागतं, नाही कसं म्हणायचं? पण घेणाऱ्याला आधी विचारतो, घरी मांजर आहे का. झिंक फॉस्फाइडची काळपट पूड पिठात कालवून ठेवतात. पोटातल्या आम्लाशी भेट झाली की तिचा विषारी वायू होतो आणि उंदीर लवकर मरतो. तो पोटातलं विष घेऊन मेलेला असतो. दुसरं औषध वडीचं, ब्रोमॅडिओलोन. त्याने रक्त गोठायचं थांबतं, उंदीर मरायला काही दिवस लागतात आणि तोवर तो सुस्त होऊन उजेडात भटकतो. मांजरीला याहून सोपी शिकार कुठली? ती खाते, आणि मग तिच्याही नाकाहिरड्यांतून रक्त येऊ लागतं. या दुसऱ्या औषधावर के जीवनसत्त्वाचा उतारा आहे, पण वेळेत डॉक्टर गाठला तर.

म्हणून एकच काहीतरी निवडावं. शेतात औषध टाकायचंच असेल तर मेलेले उंदीर रोज वेचून खोल पुरावेत आणि त्या दिवसांत मांजर घरात कोंडावी. ती शिव्या घालते, घालू द्या.

३. उंदरांची भीती आमच्या लाइनीवरच्या लोकांना समजावून सांगावी लागत नाही.

सुरत-भुसावळ रेल्वेने खानदेशचं पोट सुरतेशी बांधलं आहे. तिथल्या उधना, लिंबायतच्या यंत्रमागांवर आमच्याकडची कितीतरी घरं जगतात. सप्टेंबर १९९४ मध्ये सुरतेत फुफ्फुसाचा प्लेग पसरल्याची बातमी फुटली आणि थोड्या दिवसांत लाखो माणसांनी शहर सोडलं. नंदुरबार तेव्हा धुळे जिल्ह्यातच होतं. स्वतंत्र जिल्हा झाला तो १ जुलै १९९८ ला. गाड्या डब्यांच्या दारापर्यंत भरून येत होत्या, तोंडाला रुमाल बांधलेली माणसं उतरत होती, आणि उतरलेल्या माणसाला घरात घ्यायचं की नाही यावर घराघरांत वाद झाले. त्याआधी ऑगस्टमध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावात गाठीचा प्लेग दिसला होता. तिथे सुरुवात उंदीर आणि त्यांच्या अंगावरच्या पिसवांपासूनच.

मांजर आणि प्लेग यांची सांगड जुनी आहे. भारतात सरकारी वैद्यकीय सेवेत असलेले ब्यूकॅनन नावाचे डॉक्टर होते. १९०८ साली त्यांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये लिहिलं की ज्या वस्त्यांत घरोघर मांजरी आहेत तिथे प्लेग कमी दिसतो, तेव्हा मांजरी पाळा. त्या काळी ही गोष्ट बरीच गाजली. आता कळतं की मांजरीला स्वतःलाही प्लेग होतो आणि तिच्यापासून माणसाला झाल्याची उदाहरणं अमेरिकेत आहेत. डॉक्टरसाहेबांचं निम्मं बरोबर होतं असं मी म्हणेन. उंदीर लांब ठेवायला मांजर ठीक. साथ आल्यावर मांजरीला औषध समजू नये.

४. मांजर आडवी गेली की धंदा होतो.

भुरी रस्ता ओलांडून समोरच्या ओट्यावर जाते. जुन्या वळणाचा माणूस तिला पाहून मोटारसायकल थांबवतो. थांबला की आपल्या दुकानासमोरच थांबतो. नुसतं काय उभं राहायचं, म्हणून सुपारी, बिस्किटपुडा, काहीतरी घेतोच. अपशकुनाचा एवढा रोख फायदा दुसऱ्या कुणाला झाला असेल असं वाटत नाही. गंमत म्हणजे बाळाच्या पाचवी-सहावीला जिची पूजा होते, त्या षष्ठीदेवीचं वाहन मांजरच.

५. दूध मांजरीचं अन्न नव्हे, हे आईला पटवायला फार वर्षं लागली.

मोठ्या झालेल्या बहुतेक मांजरींना दुधातली साखर पचत नाही, जुलाब होतात. ती पिते आवडीने, भोगतो आपण. तिला लागतं मांस नाहीतर मासा. टॉरिन नावाचं एक द्रव्य तिच्या शरीरात पुरेसं तयार होत नाही. ते मांस-मासळीतूनच मिळतं, आणि न मिळाल्यास डोळे आणि हृदय बिघडतं. नुसत्या दूध-भाकरीवर जगणारी गावातली मांजर धडधाकट दिसते ती चोरून उंदीर-सरडे खाते म्हणून. आमच्याकडे शाकाहारी घरं पुष्कळ. अशा घरांनी मांजर आणण्याआधी हा विचार केलेला बरा, मागाहून तिला व्रत लावू नये.

तापीकाठची छोटी मासळी उकडून, काटे काढून भाताबरोबर कालवली की भुरीचं जेवण होतं. बाजारातले सुके बोंबील खारट असतात, ते भिजवून, पाणी टाकून मगच द्यावेत. काळ्या मसाल्याच्या रश्शातलं मटण कितीही लाडाने असलं तरी नको. त्यातला कांदा-लसूण तिच्या रक्ताला बाधतो. आणि माणसाची तापाची गोळी, म्हणजे पॅरासिटामॉल, मांजरीला विषच. एका गोळीनेही जीव जातो.

मांजरीला गोड चवच कळत नाही. त्यामुळे माझ्या गुळाच्या ढेपा तिच्यापासून शंभर टक्के सुरक्षित आहेत. लोण्याबद्दल असं म्हणता येणार नाही.

६. कोंबडीचे कच्चे तुकडे देऊ नयेत, हे नवापूरवाल्यांना विचारा.

फेब्रुवारी २००६ मध्ये भारतातला पहिला बर्ड फ्लू सापडला तो आमच्या नवापूरच्या पोल्ट्र्यांत. लाखो कोंबड्या माराव्या लागल्या आणि कितीतरी घरांचा धंदा बसला. त्याच महिन्यात तिकडे जर्मनीत, बाल्टिक समुद्रातल्या रूगेन बेटावर, एक मांजर याच विषाणूने मेलेली आढळली. २०२१ साली नवापुरात पुन्हा साथ आली. डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाड्यात तीन वाघ आणि एक बिबट्या याच रोगाने दगावले. वाघ काय नि मांजर काय, घराणं एकच. नीट शिजवलेल्या मांसात विषाणू उरत नाही, म्हणून चिकनच्या दुकानातून आणलेली आतडी-पंजे आधी उकळावेत. मेलेला कावळा किंवा कोंबडी तोंडात धरून आली तर हातमोज्यांशिवाय हात लावू नये.

७. एका मांजरीच्या पाच होतात, पाचांचं काय होतं ते पाहवत नाही.

मांजर पाच-सहा महिन्यांची झाली की गाभण राहू शकते, नऊ आठवड्यांत विते, आणि वर्षात दोन-तीन वेत सहज होतात. पहिल्या वेताची पिल्लं लोक हौसेने नेतात. तिसऱ्या वेतापर्यंत ओळखीचे लोक रस्ता बदलतात. मग पिल्लं रात्री बाजारपेठेत सोडली जातात आणि पुढचं कुत्री आणि ट्रक बघून घेतात. यावर शस्त्रक्रिया हा एकच सरळ उपाय. आमच्याकडचे जनावरांचे दवाखाने मुख्यतः गायीम्हशी आणि शेळ्यांचे, साहजिकच आहे. मांजरीसाठी मोठ्या शहरात जावं लागलं. शेजारचे काका ओट्यावरून म्हणालेच, “मांजरना कसाले इतला खर्च करस रे?” दर वेताला पिल्लांसाठी घरं शोधत हिंडण्यापेक्षा तो खर्च परवडला.

लशीचंही तसंच. तीन महिन्यांनंतर रेबीजची लस आणि मग डॉक्टर सांगतील तशी दरवर्षी. रेबीज कुत्र्याचाच, हा गैरसमज आहे. मांजरीने ओरखडलं किंवा चावलं तर वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं जखम धुवावी, हळद-चुना काही भरू नये, आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठावा.

८. उसात सापडलेलं पिल्लू घरी आणू नये.

शहादा-तळोद्याकडे ऊसतोड सुरू झाली की पाचटात मांजरीसारखी पिल्लं सापडतात. मजुरांची पोरं कौतुकाने उचलतात. ती बहुतेक वेळा रानमांजराची असतात, आणि त्या भागात बिबट्याची मादीही उसातच विते. रानमांजराचे पाय लांब, शेपूट आखूड आणि टोकाशी वलयांची, कानांच्या टोकांना बारीक केसांचा झुपका. आई जवळपासच असते आणि रात्री पिल्लं उचलून नेते, म्हणून ती जागची हलवू नयेत. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने या जनावरांना संरक्षण आहे. वनखात्याची मदतवाहिनी १९२६. आमच्या दुकानाच्या फळीवर हा आकडा खडूने लिहून ठेवलाय, दूधवाल्याच्या नंबराच्या वर.

९. मिरचीच्या दिवसांत मांजरीकडून अपेक्षा ठेवू नये.

पथाऱ्यांवर लाल मिरची वाळायला पडली की सगळ्या नंदुरबारला ठसका लागतो. भुरी शिंकत माळ्यावर जाऊन बसते आणि दुपारच्या ड्युटीवर येतच नाही.

१०. तब्येतीला फायदा होतो म्हणतात. आमच्याकडे झाला, पण वेगळ्या वाटेने.

अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठातल्या डॉक्टरांनी चार हजारांवर माणसांच्या नोंदी पाहून २००८ साली सांगितलं होतं की मांजर पाळणाऱ्यांत हृदयविकाराने मरण्याचं प्रमाण कमी दिसतं. बातमी झकास आहे. पण मांजरीमुळे माणूस शांत होतो की शांत माणूसच मांजर पाळतो, हे अशा नोंदींवरून सांगता येत नाही. तापट माणूस मांजरीला घरात टिकूच देणार नाही, असा माझा कयास.

आमची आई ऐंशीच्या घरात आहे. दिवसभर खाटेवर, आणि बोलायला माणूस सगळा दुकानात. भुरी पायाशी येऊन घुरघुरते तेव्हा आई तिला भावकीतल्या सगळ्यांची उणीदुणी सांगते. ऐकणारीला घाई नसते आणि ती कुणाला जाऊन सांगत नाही. मात्र तेवढ्याने आईचं बीपी काही उतरलं नाही. ते गोळीनेच उतरतं, आणि गोळी ती विसरायची. आता पहाटे साडेपाचला भुरी तोंडाजवळ येऊन ओरडते, मासा-भात मिळेपर्यंत हलत नाही. मांजरीचं ताट आणि गोळ्यांची डबी एकाच फडताळात ठेवली आहे. आई एक काढताना दुसरी काढते. डॉक्टरांनी मागच्या खेपेला आकडे बघून विचारलं, काय बदललं? आई म्हणाली, “काही नही, मांजरले भूक लागस.”