हंगाम सुरू होण्याआधीचा विसापूर

मेच्या शेवटच्या आठवड्यापासून पाऊस नीट बसेपर्यंतचे दिवस आपल्या भागातल्या डोंगरांवर सगळ्यात धोक्याचे असतात. जुलैतलं धुकं, शेवाळ, फुगलेले ओढे यांबद्दल सगळेच बजावतात आणि ते योग्यच आहे. पण जुलैत वाटेवर माणसं असतात. भजीवाला असतो, गावातली पोरं असतात, गर्दीच्या ठिकाणी पोलीस असतात, लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्रसारख्या संस्थांचे स्वयंसेवक शनिवार-रविवारी तयारीत असतात. मेअखेरीस यातलं काहीच नसतं. उन्हाळी ट्रेकर परतलेला असतो आणि पावसाळी पर्यटक यायचा असतो. तरीही आपल्याला वाटतं, पाऊस कुठे सुरू झालाय, आत्ताच उरकून घेऊ.

पिंपरी-भोसरीच्या कारखान्यांत काम करणाऱ्यांसाठी तर हे अधिकच खरं आहे. आपली सुट्टी गुरुवारची. रविवारी लोहगडाच्या पायऱ्यांवर मुंगीला वाट नसते आणि गुरुवारी अख्खा विसापूर आपल्या एकट्याचा असतो. मला ते फार आवडतं. लोहगड आता जागतिक वारसा यादीत गेला आहे, जुलै २०२५ मध्ये बारा किल्ल्यांपैकी एक म्हणून, आणि तिथली गर्दी, घोषणा, पायऱ्यांच्या कडेला टाकलेल्या बाटल्या बघवत नाहीत. म्हणून आम्ही शेजारच्या विसापूरवर जातो. मात्र निर्जन गडावर घसरून पाय मोडला तर हाकेला ओ द्यायलाही कोणी नसतं, हा हिशोब निघण्याआधीच करायला हवा.

वाटेबद्दल थोडक्यात: सकाळची लोणावळा लोकल, मळवलीला उतरा, पाटणच्या अंगाने दगडी पायऱ्यांच्या घळीतून वर. इतिहास भाजे लेण्यांच्या काळापासून आहे, पण लक्षात ठेवायचं ते एवढंच की मार्च १८१८ मध्ये इंग्रजांनी गड घेतला आणि पुढे त्याची बांधकामं पाडली. त्यामुळे वर छप्पर म्हणावं असं जवळपास काही नाही. वीज आली की हीच गोष्ट महत्त्वाची ठरते.

आम्ही गेलो तेव्हा घळ कोरडी ठणठणीत होती. पायऱ्यांवर बोटभर धूळ, कडेला वणव्याने काळा पडलेला उतार, पावलागणिक निसटणारा मुरूम. वर पोचलो तेव्हा ऊन चटके देत होतं आणि आकाश स्वच्छ होतं. गडाचा माथा प्रचंड, सपाट आणि उघडा आहे. टाकी, तोफा, तटबंदी बघत आरामात फिरलो, जेवलो. आमच्यात चाकणच्या एका कारखान्यात सेफ्टीचं काम पाहणारा एक मित्र होता आणि त्याच्याबरोबर त्याच्या लाइनवरची दोन तरुण पोरं.

दुपार कलल्यावर पूर्वेकडे, तळेगाव-चाकणच्या बाजूला, क्षितिजावर नेहमीचा धुरकट पट्टा होता तो हळूहळू निळा-काळा झाला. उकाडा वाढला, वारा पडला. मग त्या पट्ट्यात एकदाच लख्ख उजेड झाला. मित्र घड्याळाकडे बघत राहिला. बऱ्याच वेळाने अगदी बारीक गडगड ऐकू आली आणि तो पाठपिशवी उचलून म्हणाला, "चला, खाली."

"दादा, अजून एक थेंब नाही पडला. सूर्यास्ताचे फोटो घेऊन जाऊ की."

"थेंबाची वाट बघायची नसते रे. आवाज ऐकू आला म्हणजे आपण टप्प्यात आलो."

पोरं नाराज झाली, पण त्याच्यापुढे बोलली नाहीत. घळ उतरताना त्याने एकेकाला सोडलं. वरचा माणूस थांबणार, खालचा कडेला सरकला की मगच पुढचा निघणार. सरसर उतरणं त्याने कुणालाच करू दिलं नाही. आम्ही झाडीतून गावाच्या वरच्या बांधावर आलो तेव्हा पहिले टपोरे थेंब पडले. नंतर जे झालं ते एका घराच्या पडवीतून पाहिलं. माथ्यावर विजांचा नुसता थयथयाट चालला होता. पावसाचा जोर वाढल्यावर आम्ही उतरून आलेल्या घळीच्या दिशेने दगड गडगडल्याचे आवाज येऊ लागले, आधी एखाद-दुसरा, मग सलग. सहा-सात महिन्यांचा साठलेला मुरूम, सुटे धोंडे, वाळका पाचोळा सगळं पहिल्या पाण्याबरोबर खाली येत होतं. पडवीतल्या आजोबांना त्यात नवल वाटलं नाही. "पहिला पाऊस डोंगर झाडून काढतो," ते म्हणाले. "आम्ही गुरंबी त्या अंगाला नेत नाही."

परतीच्या लोकलमध्ये मित्राने जे सांगितलं ते मला पटलं. कारखान्यात नवी लाइन सुरू होण्याआधीच्या ट्रायलच्या दिवसांत सगळ्यात जास्त सांभाळावं लागतं, कारण यंत्रात वीज आलेली असते पण गार्ड बसलेले नसतात. डोंगराचंही या दिवसांत तेच होतं.

बर्फाच्या देशांत हे फार आधीच ओळखलं गेलं आहे. तिथे स्कीचे डोंगर ठरावीक दिवशी उघडतात आणि त्याआधी हौशी लोक पायी वर चढून जातात. तोवर बर्फाचा थर पातळ असतो आणि त्याखाली खडक, बुंधे दडलेले असतात. उतार सारखे करणारी यंत्रं चढावर पोलादी दोरांना बांधून रात्री काम करत असतात आणि तो ताणलेला दोर अंधारात दिसत नाही. हिमप्रपाताची तपासणी झालेली नसते, जखमीला खाली आणणारं पथक अजून कामावर रुजू झालेलं नसतं. डोंगर तोच, उतारही तोच, पण हंगामात जी माणसं त्याला सुरक्षित करतात ती अजून आलेली नसतात आणि त्यांची कामं झालेली नसतात. आपल्याकडे उद्घाटनाची तारीख नसते आणि फाटकही नसतं, म्हणून हा फरक आपल्या डोळ्यांना दिसत नाही.

तारखेवर भरवसाही ठेवता येत नाही. मोसमी पाऊस साधारण जूनच्या दुसऱ्या आठवड्यात इकडे येतो असं आपण धरून चालतो. २०२५ मध्ये तो २४ मे रोजी केरळात आला आणि २६ मे रोजी मुंबईत होता. कित्येकांचे "पावसाआधीचे शेवटचे ट्रेक" त्या वर्षी थेट पावसातच सापडले.

विजेबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण वळवाच्या पावसात खरा धोका तिचाच. आवाज एक किलोमीटर कापायला सुमारे तीन सेकंद घेतो. लखलखाट आणि गडगडाट यांत तीस सेकंद किंवा त्याहून कमी अंतर असेल तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे आणि पुढची तुमच्यावर पडू शकते. खरं तर गडगडाट ऐकू आला एवढंच निघायला पुरेसं आहे. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास होईपर्यंत पुन्हा उघड्यावर यायचं नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेचं 'दामिनी' हे ॲप आसपासच्या विजांची सूचना देतं. ते फोनमध्ये हवंच, पण गडावर रेंज जाते, तेव्हा डोळे आणि घड्याळ वापरायची सवय ठेवा.

विसापूरसारख्या सपाट माथ्यावर सगळ्यात उंच वस्तू म्हणजे तुम्ही स्वतः. ध्वजाचा खांब, एकटं झाड, लोखंडी रेलिंग, तारेचा दोर यांपासून दूर व्हा. कातळातल्या उथळ खोबणीत शिरू नका. पावसापासून आडोसा मिळतो, पण वीज कड्यावरून उतरताना अशा खोबणीच्या तोंडातून उडी मारते. खाली उतरणं शक्यच नसेल तर एकमेकांपासून पंधरा-वीस मीटर लांब व्हा, दोन्ही पाय जुळवून उकिडवे बसा, जमिनीवर आडवे होऊ नका. याने धोका थोडा कमी होतो, टळत नाही. अंतर ठेवायचं ते यासाठी की एकाला धक्का बसला तर दुसरा मदतीला उरावा. वीज पडलेल्या माणसाच्या अंगात वीज राहत नाही, त्याला हात लावायला घाबरू नका. श्वास आणि नाडी बंद असेल तर ताबडतोब छाती दाबायला सुरुवात करा आणि दुसऱ्याने ११२ लावावा. विजेने थांबलेलं हृदय पुन्हा सुरू झाल्याची पुष्कळ उदाहरणं आहेत.

पहिल्या सरीनंतरची पायरी जुलैतल्या पायरीपेक्षा फसवी असते. शेवाळ हिरवं दिसतं म्हणून माणूस सावध होतो. भिजलेली धूळ दगडाच्याच रंगाची असते. वणवा लागून गेलेल्या उतारांवर गवताची मुळं नसतात, त्यामुळे माती धरून ठेवायला काही उरत नाही. तिथे हात टेकून चढू नका. सुट्या दगडांत बोटं घालू नका, कारण या दिवसांत विंचू आणि फुरसं तिथेच असतं. लाल विंचवाच्या दंशावर महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी प्राझोसिनचा उपचार रूढ केला आणि कोकणात असंख्य जीव वाचले, पण तो उपचार दवाखान्यात होतो, गडावर नाही. दंश झाला की कापाकापी, आवळपट्टी काही न करता खाली न्यायचं.

आग्या मोहोळं पाऊस बसेपर्यंत कड्यांना असतात. धूर, आरडाओरडा, अत्तराचा वास, ड्रोनचा आवाज यांपैकी काहीही त्यांना उठवतं. कड्याखाली स्पीकर लावणाऱ्यांना मी स्वतः जाऊन बंद करायला सांगतो आणि प्रत्येकाने सांगावं. डोंगरावर गाणी वाजवणारा किती किल्ले फिरलाय याला माझ्या लेखी काही किंमत नाही. पाणीही वर मिळेल असं धरू नका. मेअखेरीस टाक्यांत तळाला हिरवं पाणी उरतं, ते गुरांना आणि पाखरांना राहू द्या.

पाऊस सुरू झाल्यावरचे पहिले काही रविवार वेगळ्या कारणाने वाईट असतात. ३० जून २०२४ रोजी भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. १५ जून २०२५ रोजी इंदोरीजवळ कुंडमळ्याचा जुना लोखंडी पूल गर्दीने कोसळला, चार जण गेले, पन्नासहून अधिक जखमी झाले. दोन्ही दिवस रविवार होते आणि हंगाम नुकताच लागला होता. भुशीनंतर जिल्हाधिकाऱ्यांनी मनाईचे आदेश काढले, पण तेव्हा जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. आदेश निघालेला नाही याचा अर्थ जागा सुरक्षित आहे असा लावू नका.

मग या तीन-चार आठवड्यांत करायचं काय? घोरावडेश्वर, भंडारा डोंगर, चाकणजवळचा भामचंद्र आहेत. पहाटे चढायचं आणि ऊन तापायच्या आत उतरायचं. वळवाचे ढग बहुधा दुपारनंतर उठतात, तोवर तुम्ही घरी असता. भामचंद्र आणि भंडारा तुकोबांच्या ध्यानाच्या जागा आहेत, तिथे प्लॅस्टिक टाकू नका आणि दिसलेलं उचलून आणा. चाकणचा संग्रामदुर्ग तर भरवस्तीत आहे. फिरंगोजी नरसाळ्यांनी १६६० मध्ये शाहिस्तेखानाविरुद्ध जवळपास दोन महिने लढवलेला हा भुईकोट कामावर जाता-येता बघून होतो आणि आपल्यातले बहुतेक जण तो न बघताच शेजारून जातात.

विसापूर, तुंग, तिकोना यांच्यासाठी पाऊस नीट बसला की नाही ते मावळातल्या शेतांवरून ओळखा. उतार सलग हिरवे दिसू लागले, ओढ्याचं पाणी तांबडं न राहता निवळलं आणि खाचरांत इंद्रायणी भाताची लावणी सुरू झाली, म्हणजे घळीतला सुटा माल बराचसा खाली आलेला असतो. तरीही चढण्याआधी पाटणमध्ये पहिल्या घरी थांबून विचारा, अलीकडे वरून काही आलंय का. आणि किती जण वर जाताय, किती वाजेपर्यंत उतरणार, तेही त्याच घरी सांगून ठेवा.