पाण्याचे रेणू दाखवितात मेंदूतील वाटा

प्रथम एक सोपा प्रयोग करा. टीपकागदावर शाईचा एक थेंब टाका. डाग सर्व बाजूंना सारखा पसरून गोल होतो. आता रंधा मारलेल्या, पण पॉलिश न केलेल्या फळीवर तसाच थेंब टाका. हा डाग लांबट होतो आणि त्याची लांबी लाकडाच्या रेषांच्या दिशेने असते. समजा, रेषा दिसतच नाहीत, फक्त डाग दिसतो. तरी रेषांची दिशा तुम्ही सांगू शकाल. जिवंत माणसाच्या मेंदूतील तंतूंचा नकाशा याच तत्त्वावर काढतात.

मेंदूच्या पृष्ठभागावर चेतापेशींचा करडा थर असतो. त्याखालील श्वेत द्रव्य म्हणजे या पेशींना जोडणाऱ्या अक्षतंतूंच्या जुड्या. तंतूंवरील मायेलिन या मेदयुक्त आवरणामुळे त्यांना पांढरा रंग येतो.

१८६१ साली पॅरिसजवळ लबॉर्न नावाचा एक रुग्ण वारला. त्याला 'टॅन' एवढाच उच्चार करता येत असे. डॉ. पॉल ब्रोका यांना त्याच्या डाव्या ललाटखंडाच्या खालच्या भागात इजा आढळली. हे 'ब्रोका क्षेत्र'. १८७४ साली व्हेर्निके यांनी भाषेच्या आकलनाशी निगडित असे दुसरे क्षेत्र डाव्या शंखखंडात दाखविले. या दोन भागांना जोडणारी तंतूंची जुडी धनुष्यासारखी वाकलेली आहे. पण जिवंत माणसात ती पाहावयाची कशी?

येथे पदार्थविज्ञान मदतीस येते. पाण्याचे रेणू सतत इतस्ततः भटकत असतात. आइन्स्टाइन यांनी १९०५ साली दाखविल्याप्रमाणे, एका दिशेतील विस्थापनाच्या वर्गाची सरासरी = २ × विसरणांक × काळ. ३७° सेल्सिअसच्या मुक्त पाण्याचा विसरणांक सेकंदास सुमारे ०·००३ चौरस मिलिमीटर आहे. काळ ०·०५ सेकंद घ्या. सरासरी ०·०००३ येते आणि तिचे वर्गमूळ सुमारे ०·०१७ मिलिमीटर, म्हणजे १७ मायक्रोमीटर. अक्षतंतूची जाडी मात्र साधारण एकदोन मायक्रोमीटर. म्हणून आडव्या दिशेने जाणारा रेणू भिंतींवर आपटत राहतो. तंतूच्या लांबीच्या दिशेने त्याला वाट मोकळी असते.

एमआरआय यंत्रात एका दिशेने बदलत जाणारे चुंबकीय क्षेत्र क्षणभर लावून रेणूंवर जणू स्थानाची खूण करतात. नंतरच्या दुसऱ्या स्पंदाने ती पुसतात. जागचा न हललेल्या रेणूची खूण पूर्ण पुसली जाते. हललेल्याची पुसली जात नाही व संकेत क्षीण होतो. जिकडे संकेत अधिक क्षीण, तिकडे विसरण अधिक.

प्रत्येक ठिकाणचे विसरण एका लांबट अंडाकृतीने दर्शवितात. तिच्या तीन लांब्या व तिचा रोख दाखविणारे तीन कोन मिळून सहा संख्या लागतात. म्हणून किमान सहा दिशांनी मापने घेतात. शिवाय एक प्रतिमा असे क्षेत्र न लावता. ही रीत बासर व सहकाऱ्यांनी १९९४ साली मांडली. मग चुंबकाभोवती चुंबकसूची एकेक पाऊल सरकवून तुम्ही बलरेषा काढता, तशाच या दिशा जोडून तंतूंच्या वाटा रेखाटतात.

२००५ साली या रीतीने कातानी व सहकाऱ्यांना धनुष्याकृती जुडीच्या सरळ वाटेखेरीज पार्श्वखंडातून जाणारी दोन टप्प्यांची वाटही आढळली. लबॉर्नचा मेंदू कापला न जाता जतन झाला होता. २००७ साली त्याच्या एमआरआय प्रतिमा प्रसिद्ध झाल्या, तेव्हा इजा पृष्ठभागापुरती नसून आतील श्वेत द्रव्यातही खोल गेल्याचे दिसले. वाचा जाण्यास केवळ एक 'क्षेत्र' नव्हे, तर तुटलेल्या वाटाही कारण असू शकतात!

पण सावध राहा. बलरेषा हा जसा खरा दोरा नव्हे, तशी नकाशावरील रेषा हा खरा तंतू नव्हे. मापनाचा घन साधारण २ मिलिमीटरचा असतो व त्यात लाखो तंतू मावतात. दोन जुड्या एकमेकींना छेदत असतील, तर अंडाकृती फसवते. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत संशोधकांच्या वीस गटांना ज्ञात जुड्यांची कृत्रिम प्रतिमा दिली होती. बहुतेक खऱ्या जुड्या सापडल्या, पण खोट्या त्याहून अधिक निघाल्या. संदेश कोणत्या टोकाकडून येतो, हेही नकाशा सांगत नाही. म्हणून वाचाकेंद्राजवळची गाठ काढताना शल्यविशारद नकाशा जवळ ठेवतात, परंतु पुष्कळदा रुग्णास जागे ठेवून, बोलते करून, सौम्य विद्युत्प्रवाहाने खात्री करतात. येथे रेषा चुकली, तर माणसाची वाणी जाऊ शकते.

आता विचार करा : उभ्याआडव्या विणीच्या कापडावर शाईचा थेंब टाकला, तर केवळ डागावरून दोन्ही धाग्यांच्या दिशा सांगता येतील काय? करून पाहा.